पुसायच्या फडक्यावर पिवळा पट्टा: जुन्या नक्षीदार काचसामानातलं शिसं आणि कॅडमियम

चिमटीभर

मंडळी, मी बहुतेक वेळा वाचनमात्र असते. आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

मावशी गेल्यावर तिच्या कपाटातलं थोडं काचसामान माझ्याकडे आलं. सहा उंच ग्लास, बाहेरून पिवळी फुलं आणि तोंडाशी लाल रेघ. एकात एक बसणारे चार दुधी काचेचे वाडगे, प्रत्येकाचा बाहेरचा रंग वेगळा. आणि लाल खुणांचा एक मापाचा कप. सगळं पन्नास-साठ वर्षांचं तरी असेल. मावशी ते जपायची, पण रोज वापरायचीही. तिच्या मते काचसामान कपाटात ठेवणं म्हणजे त्याला शिक्षा.

परवा ग्लास धुऊन पांढऱ्या सुती फडक्याने पुसत होते. तिसऱ्या ग्लासाला फडक्याकडे लक्ष गेलं, तर त्यावर पिवळसर पट्टा. वाटलं, साबण राहिला असेल. पुन्हा धुतला, पुन्हा पुसला, पुन्हा पट्टा. फुलावरून बोट फिरवलं तर पाकळी कोरडी आणि खरखरीत लागली, फळ्यावर खडूने गिरवून ठेवावं तशी. सहातला एक ग्लास मात्र मावशीने शोभेला वेगळा ठेवला होता. त्याची पाकळी अजून चकचकीत आहे, नख लावलं तर घसरतं. म्हणजे एकाच संचातले पाच खडू आणि एक काच.

मग शोधाशोध केली आणि घाबरले. शिसं, कॅडमियम, लाखांतले आकडे. कुणी म्हणतं सगळं फेकून द्या, कुणी म्हणतं रंग बाहेर आहे, पेय आत आहे, मग भीती कसली? मला कळायला हवंय ते हे: ही भुकटी खरंच शिशाची असू शकते का? आणि रंग जर बाहेरच्या बाजूला असेल तर तो पोटात जातो कसा?

---

काठावरून

रंग बाहेर आहे, पेय आत आहे, आणि ओठ? ते कुठे असतात?

---

भट्टीसमोर

वरच्या एका ओळीत अर्धं उत्तर आलं. उरलेलं मी देतो. काचेवर नक्षी छापण्याच्या कामात १९ वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे ग्लासावरचं फूल हा आपण भिंतीला लावतो तसला रंग नाही. ती काचच असते. कमी तापमानाला वितळणारी काच दळून तिची पूड करतात, तिला आम्ही फ्रिट म्हणतो. त्यात रंगद्रव्य मिसळायचं, तेलात कालवून लापशीसारखं करायचं, जाळीतून छापायचं, वाळवायचं आणि भट्टीत घालायचं. तेल जळून जातं, फ्रिट वितळते आणि खालच्या काचेला चिकटून बसते. हेच इनॅमल, जुन्या भाषेत मिना.

आता अडचण अशी की ग्लासाची नेहमीची काच ७०० अंश सेल्सियसच्या पुढेमागे मऊ पडायला लागते. त्याआधी, साधारण ६०० अंशांच्या आसपास, वरचं फूल वितळून पसरलं पाहिजे, नाहीतर फूल बसेपर्यंत ग्लासच वाकडा. काचेला लवकर वितळवायचं असेल तर सगळ्यात सोपा, खात्रीचा उपाय होता शिशाचं ऑक्साइड. शिवाय चकाकी येते आणि थंड होताना वरचा थर तडकत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या फ्रिट म्हणजे शिशाची फ्रिट असंच समीकरण होतं. बिगरशिशाच्या, म्हणजे बोरॉन, जस्त, बिस्मथवाल्या फ्रिट नंतर रुळल्या. त्या सुरुवातीला वापरायला कटकटीच्या होत्या. आमच्याकडचे जुने कारागीर अक्षरशः शिव्या घालायचे.

कॅडमियम आलं ते रंगासाठी. भट्टीत टिकेल असा लखलखीत पिवळा, नारिंगी किंवा लाल हवा असेल तर फारसे पर्याय नसतात. सेंद्रिय रंग जळून जातात. लोखंडाचा लाल विटकरी दिसतो. कॅडमियम सल्फाइड पिवळा देतं, त्यात सेलेनियमचं प्रमाण वाढवत नेलं की नारिंगी आणि मग भडक लाल. तुमची पिवळी फुलं आणि लाल रेघ वाचून मला आश्चर्य वाटलं नाही.

एक गैरसमज इथेच खोडतो. «लाल-पिवळं टाळा, निळं-हिरवं चालेल» असं लोक सांगतात. हे कॅडमियमपुरतं बरंचसं खरं आहे. शिशाला ते लागू नाही. निळा कोबाल्टचा असेल, हिरवा क्रोमियमचा असेल, पण त्यांना धरून ठेवणारी फ्रिट शिशाची असू शकते. पांढऱ्या फुलातही.

आणि तुमचा खडू. तो कसा होतो ते सांगतो. चांगलं भाजलेलं इनॅमल गुळगुळीत असतं, शिसं काचेच्या जाळ्यात अडकलेलं असतं. पण शिशाची काच आम्लाला आणि तीव्र अल्कलीला लवकर हार मानते. भांडी धुण्याच्या यंत्रात वापरतात ती पावडर चांगलीच अल्कलीयुक्त असते, वर गरम पाणी, वर तासभर मारा. जाळं झिजतं, चकाकी जाते, पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि रंगाचे कण मोकळे होतात. फडक्यावर येतात ते हेच. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, असू शकते. असण्याचीच शक्यता जास्त.

---

उगाचच

मावशींकडे भांडी धुवायचं यंत्र होतं का?

---

चिमटीभर

होतं! मोठं कुटुंब, सगळं काचसामान त्यातच जायचं. शोभेचा ग्लास तेवढा कधी गेला नाही. पाच आणि एकचं कोडं सुटलं म्हणायचं.

---

जुनंतेसोनं

मी १५ वर्षं जुनं काचसामान जमवतो, त्यामुळे अशा धाग्यांचा शेवट माहीत आहे. दोन दिवसांत निम्मे लोक सुंदर वस्तू फोडून कचऱ्यात टाकतात.

थोडं तारतम्य बाळगा. १९४० च्या दशकात कॉर्निंगच्या कारखान्याने पायरेक्सचे चार रंगी वाडगे काढले: सर्वांत मोठा पिवळा, मग हिरवा, लाल, निळा. तेव्हापासून किती घरांत ते रोज वापरले गेले असतील? रंग सगळा बाहेरून. आत कोरी पांढरी काच. त्यात कालवलेल्या पदार्थाला रंगाचा स्पर्शच होत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या वापरले, कुणाला काही झालं नाही.

इंटरनेटवर जे «९०,००० पीपीएम» (पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग) वगैरे फिरतं ते बंदुकीसारख्या यंत्राने रंगावर नेम धरून घेतलेलं वाचन असतं. ते पदार्थात उतरतं असं नव्हे.

---

सरळरेघ

जुनंतेसोनं यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. «पदार्थाला रंगाचा स्पर्शच होत नाही» याला नाही.

मी विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत काम करते. या विषयात जे भांडण होतं ते बहुतेक दोन वेगळ्या मोजमापांच्या गल्लतीतून होतं, म्हणून आधी ते निस्तरू.

एक मोजमाप: रंगात धातू किती आहे. हे एक्सआरएफ यंत्राने कळतं. क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतं, त्यावरून ओळख आणि प्रमाण. उत्तर पीपीएममध्ये येतं. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का. मेख अशी की इनॅमलचा थर अगदी पातळ असतो आणि किरण त्यातून खालच्या काचेपर्यंत जातात, त्यामुळे आकडा दोन्हींची सरमिसळ असतो. शिवाय शिशाची एक रेषा आणि आर्सेनिकची एक रेषा जवळजवळ एकाच ऊर्जेवर, १०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी पडतात. शिसं भरपूर असेल तर यंत्राने दाखवलेल्या आर्सेनिकवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

दुसरं मोजमाप: धातू किती सुटतो. यासाठी भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल भरून खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवतात आणि त्या आम्लात काय उतरलं ते मोजतात. ४ टक्के म्हणजे साधारण व्हिनेगरइतकं आंबट. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेची सिरॅमिक कप-मगांसाठीची मर्यादा मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम शिसं अशी आहे. ग्लासांसाठी वेगळी चाचणी असते: ग्लास उलटा करून काठापासून २० मिलिमीटरपर्यंतचा भाग आम्लात बुडवायचा. हे २० मिलिमीटर कुठून आले? ओठ तिथवर पोचतात म्हणून. काठावरून यांनी एका ओळीत विचारलं त्याची ही चाचणी.

आता «आत रंग नाही, म्हणून स्पर्श नाही» याबद्दल. वाडगे एकात एक ठेवता ना? धाकट्या वाडग्याची रंगीत पाठ थोरल्याच्या पांढऱ्या पोटात बसते. कपाटातून काढताना-ठेवताना तिथेच घासते. रंग खडूसारखा झाला असेल तर भुकटी नेमकी पदार्थ जिथे पडणार तिथे उतरते. घरी पाहायचं असेल तर थोरल्याच्या आतून पांढरं ओलं फडकं फिरवा.

---

चिमटीभर

आत्ताच फिरवलं. सर्वांत मोठ्या वाडग्यात, मधोमध, निळसर-हिरवट गोल वर्तुळ आलं फडक्यावर. अगदी दुसऱ्या वाडग्याच्या बुडाएवढं.

मी गेले आठ महिने त्यात पीठ भिजवतेय.

---

जुनंतेसोनं

हे मला खरंच सुचलं नव्हतं. माझे सगळे एकात एक आहेत. उद्या बघतो.

---

पिल्लांचीआई

मला दोन वर्षांची मुलगी आहे आणि अशाच जुन्या, कार्टून छापलेल्या ग्लासातून ती पाणी पिते. आता पोटात गोळा आला. किती रंग पोटात गेला तर किती धोका, हे कुणी साध्या भाषेत सांगेल का?

---

सरळरेघ

पिल्लांचीआई, एक हिशेब मांडते. हा निव्वळ गुणाकार आहे, तुमच्या ग्लासाचं निदान नव्हे.

समजा रंगात २० टक्के शिसं आहे. जुन्या इनॅमलसाठी हे अचाट नाही. प्लिमथ विद्यापीठात अँड्र्यू टर्नर यांनी ७२ नवे आणि वापरलेले काचेचे पेयपात्र तपासले, त्यात रंगांमध्ये शिसं ४०० पीपीएमच्याही खालपासून पार ४,००,००० पीपीएमपर्यंत, म्हणजे ४० टक्क्यांपर्यंत मिळालं होतं. कॅडमियम ७०,००० पर्यंत. १९७ मोजणींपैकी १३९ मध्ये शिसं होतं. हा अभ्यास २०१७ चा, आणि त्यातल्या सगळ्या वस्तू जुन्या नव्हत्या, हे लक्षात घ्या.

आता १ मिलिग्रॅमची खपली घ्या. मिठाच्या काही कणांएवढी. तिच्यातलं २० टक्के म्हणजे २०० मायक्रोग्रॅम शिसं. एफडीए मुलांच्या आहारातल्या शिशासाठी जी संदर्भपातळी धरते ती दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. खपलीतलं सगळं शिसं रक्तात जात नाही, बरंचसं काचेत अडकून तसंच बाहेर पडेल. पण फरक नव्वद पटींचा आहे, आणि लहान मुलं गिळलेलं शिसं मोठ्यांच्या ४ ते ५ पट शोषतात.

ग्लास आज बाजूला काढा. चाचणी, वाद, अभ्यास हे सगळं नंतर.

---

नाडीपरीक्षा

वैद्यकीय बाजूने चार शब्द. पिल्लांचीआई, घाबरून रात्र काढू नका, पण मुलीच्या डॉक्टरांशी बोलून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. शिरेतून घेतलेलं रक्त हवं. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळून आकडा खोटा वाढू शकतो. अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था २०२१ पासून मुलांसाठी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी मानते. तिच्याखाली सगळं सुरक्षित असा याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच माहीत नाही. ३.५ च्या वर आकडा आला तर स्रोत शोधायला लागायचं, एवढाच त्याचा उपयोग.

मुलीच्या आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसं आहे ना, तेही बघा. ते कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं.

आता जुनंतेसोनं यांच्या «तीन पिढ्यांत कुणाला काही झालं नाही» या वाक्याकडे. रागावू नका, हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकतो. शिसं रक्तात महिनाभरच मुक्काम करतं, मग हाडांत जाऊन दशकं बसतं. कॅडमियम मूत्रपिंडात १० ते ३० वर्षं. थोड्या मात्रेत ना पोट दुखतं, ना ताप येतो. मुलाच्या शिकण्यात थोडी खोट येते, वयस्कर माणसाचा रक्तदाब थोडा चढतो, आणि त्यावर «वाडग्यामुळे» असं कुणी लिहून ठेवत नाही. «काही झालं नाही» याचा अर्थ «काही मोजलं नाही» असाही असू शकतो.

आणि कृपा करून कुणी शरीर «शुद्ध» करणाऱ्या गोळ्या, काढे किंवा स्वतःच्या मनाने चिलेशन (औषधाने शरीरातला धातू बाहेर काढणं) सुरू करू नका. चिलेशनची औषधं शरीराला लागणारी खनिजंही ओढून नेतात. ती फार वरच्या आकड्यांना आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

---

जुनंतेसोनं

रागावलो नाही. पण एक विचारतो. हे इतकं घातक होतं तर सरकारं झोपली होती का?

---

भट्टीसमोर

झोपली नव्हती, कुशीवर वळत होती.

काठाच्या २० मिलिमीटरचा नियम अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, छापील ग्लासांवरून बोंब झाल्यावर आला. तोही उद्योगाने स्वतःहून पाळायचा. आमच्या कामात तेव्हापासून «ओठाची पट्टी कोरी सोडा» हा शब्दप्रयोग रूढ झाला. तुम्हाला जुन्या ग्लासाचं वय ओळखायला हा एक अदमास आहे: नक्षी पार तोंडाच्या कडेपर्यंत गेली असेल तर ती बहुधा त्या शहाणपणाआधीची, किंवा त्याला न जुमानणारी. चिमटीभर यांच्या ग्लासांना तोंडाशीच लाल रेघ आहे. म्हणजे बघा.

आणि हे फक्त जुन्यांचं दुखणं नाही. जून २०१० मध्ये मॅकडॉनल्ड्सने श्रेक चित्रपटाचे ग्लास परत मागवले होते, जवळपास १ कोटी २० लाख, कारण छपाईत कॅडमियम. त्या बातमीच्या दिवशी आमच्या कारखान्यात लाल रंगाच्या डब्याजवळ कुणी उभं राहायला तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा कामाला.

---

उगाचच

बाजारात काडीवर घासायच्या चाचण्या मिळतात, लाल झालं की शिसं. ती आणून घासावी, विषय संपला. एवढं काय?

---

सरळरेघ

विषय संपत नाही, फक्त संपल्यासारखा वाटतो.

त्या काडीत बहुधा सोडियम रोडिझोनेट असतं. शिशाचे मोकळे आयन मिळाले तर ते गुलाबी-लाल होतं. भाजलेल्या इनॅमलमध्ये शिसं काचेत कोंडलेलं असतं, मोकळं नसतं. त्यामुळे ३० टक्के शिशाच्या चकचकीत फुलावरही काडी स्वच्छ राहू शकते. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने २००७ मध्ये घरगुती चाचण्या तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त निकाल असे निघाले की शिसं असूनही काडीला दिसलं नव्हतं. आणि कॅडमियम तर तिला कळतच नाही.

उलट बाजूने मात्र ती उपयोगी आहे. काडी लाल झालीच, तर शिसं नुसतं आहे असं नाही, ते मोकळंही झालंय.

---

चिमटीभर

माझ्या नवऱ्याचा मित्र धातूच्या भंगाराची प्रतवारी करतो, त्याच्याकडे एक्सआरएफचं यंत्र आहे. काल सगळं टोपलीत घालून त्याच्याकडे घेऊन गेलो. तो आधी हसला, म्हणाला, आजवर यावर फक्त नळाच्या तोट्या आणि मोटारींचे सुटे भाग ठेवलेत.

आकडे इथे देत नाही, कारण सरळरेघ ताईंचं वाचून कळलं की आकड्यांवरून उगाच वाद होतील. पण चित्र स्पष्ट होतं. ग्लासाच्या कोऱ्या काचेवर काहीच नाही. पिवळ्या फुलावर शिसं आणि कॅडमियम दोन्ही, आणि शिसं पीपीएममध्ये नव्हे, टक्क्यांत बोलायचं. लाल रेघेवर दोन्ही. हिरव्या देठावर शिसं होतं, कॅडमियम नव्हतं. भट्टीसमोर काकांनी सांगितलं होतं अगदी तसं. वाडग्यांच्या चारही रंगांत शिसं. मापाच्या कपाच्या लाल खुणांत दोन्ही.

गंमत म्हणजे शोभेच्या चकचकीत ग्लासाचं वाचन इतर पाचांपेक्षा जास्त आलं. मला वाटलं यंत्र चुकलं.

---

भट्टीसमोर

यंत्र बरोबर आहे. त्याच्यात सगळा माल शाबूत आहे. बाकीच्या पाचांतला काही वर्षानुवर्षं धुण्याच्या पाण्यात, फडक्यांवर आणि आणखी कुठेकुठे गेलाय. (काका म्हणालात ते आवडलं, पण अजून पन्नाशी गाठायचीय.)

---

काठावरून

म्हणजे पीपीएमवर जाणारा माणूस पाच खडूचे ग्लास ठेवून चांगला ग्लास टाकून देईल. छान.

---

पिल्लांचीआई

मुलीचं रक्त दिलं, अहवाल यायचाय. ग्लास पिशवीत बांधून माळ्यावर. एक प्रश्न: रंग खरवडून काढला तर? खाली कोरी काचच उरेल ना?

---

सरळरेघ

नाही, नाही, नाही. खरवडलं, पॉलिशपेपरने घासलं, घासणीने रगडलं की तीच बारीक धूळ होते, ती हवेत जाते, जमिनीवर बसते, आणि जमिनीवर दोन वर्षांची मुलगी. गिळण्यापेक्षा श्वासातून गेलेलं शिसं जास्त शोषलं जातं. आम्लात भिजवून काढायचाही विचार करू नका. मग ते आम्ल कुठे ओतणार?

ज्यांना वस्तू शोभेला ठेवायच्या आहेत त्यांनी काचेच्या दाराआड ठेवा, हाताळलं की हात साबणाने धुवा, कपाटाची फळी कोरड्या फडक्याने न झटकता ओल्याने पुसा. एकात एक ठेवायचे असतील तर मध्ये कागद घाला, आणि तो कागद पुन्हा कशाला वापरू नका.

---

जुनंतेसोनं

अहवाल सादर करतो. माझ्याकडचे ११ वाडग्यांचे संच पांढऱ्या फडक्याने तपासले. आठ स्वच्छ, तिघांच्या आत वर्तुळ. तिन्ही संच मी दुसऱ्या हाताने घेतलेले, रंग मंद झालेला. आम्ही जमवणारे याला «यंत्रात गेलेला माल» म्हणून नाक मुरडतो आणि कमी किमतीत घेतो. म्हणजे नेमका जो सर्वांत स्वस्त, तोच लोक रोजच्या वापराला उचलतात. हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं.

आठ स्वच्छ संच मी वापरणार आहे, आतल्या बाजूने, हाताने धुऊन, सुटे ठेवून. यावर कुणाचं काय म्हणणं?

---

सरळरेघ

प्रौढ माणसाचा, माहिती घेऊन केलेला निर्णय. मला फार खटकत नाही. मी स्वतः केला नसता. फडक्यावर दिसत नाही म्हणजे शून्य नव्हे, डोळ्याला दिसायलाही बऱ्यापैकी रंग लागतो. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असतील तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे.

---

उगाचच

सोनेरी काठाचे ग्लास? बिनरंगी कोरीव स्फटिकाचे?

---

भट्टीसमोर

सोनेरी काठ नेमका ओठाशी असतो आणि पटकन झिजतो. टर्नर यांच्या मोजणीत काही सोनेरी पट्ट्यांतही शिसं निघालं होतं. कोरीव स्फटिक हा वेगळा प्राणी: तिथे रंग नाही, काचेतच शिसं, पारंपरिक पूर्ण-शिसं स्फटिकात २४ टक्क्यांपासून पुढे ऑक्साइड. तासाभराचं पेय वेगळं, पण आंबट किंवा मद्ययुक्त काही त्यात महिनोन्‌महिने साठवून ठेवू नये. त्यावर वेगळा धागा काढा, इथे गाडी रुळावरून उतरेल.

---

चिमटीभर

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते सांगते. पाच ग्लास, मापाचा कप आणि मोठे दोन वाडगे वापरातून बाद. फेकायला निघाले होते, काच गोळा करतात त्या पेटीपर्यंत गेलेही होते.

---

सरळरेघ

त्या पेटीत टाकू नका! ती काच वितळून पुन्हा बाटल्या होतात. रंगातलं शिसं भट्टीत नाहीसं होत नाही, नव्या बाटलीत मिसळतं. पुनर्वापराच्या काचेत शिसं शिरण्याची ही एक वाट आहे. कुणाला दान देऊ नका, विकू नका, कारण पुढच्या माणसाला हा धागा माहीत नसणार. कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून, धोकादायक घरगुती कचऱ्याची सोय असेल तिथे द्या. नसेल तर साध्या कचऱ्यात, पण न फोडता.

---

चिमटीभर

बरं झालं विचारलं. आणि तो सहावा? शोभेचा? तो तर नखाला अजून घसरतो. मावशीची आठवण म्हणून सणासुदीला एखाद्या वेळी त्यातून प्यायले तर?

---

भट्टीसमोर

त्याला लाल रेघ आहे, आणि ती ओठाच्या पट्टीत आहे. तो चकचकीत राहिला कारण मावशींनी त्याला कधी ओठ लावला नाही आणि कधी धुण्याच्या यंत्रात घातला नाही. वापरायला काढलात की बाकीच्या पाचांच्या वाटेला लागेल. राहू दे कपाटात.

---

चिमटीभर

राहू दे मग. मावशीच्या नियमाप्रमाणे त्याला शिक्षा.

शेवटचा प्रश्न, हसू नका. ती पिवळी झालेली फडकी धुण्याच्या टोपलीत मुलांच्या कपड्यांवर पडलीयेत. काय करू?

---

सरळरेघ

न झटकता उचला, ओली करा, पिशवीत बंद करून कचऱ्यात. टोपली ओल्या फडक्याने पुसा, तेही फडकं त्याच पिशवीत. कपडे वेगळे धुवा. आणि मग हात.

---

पिल्लांचीआई

अहवाल आला. ३.५ च्या खाली आहे. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितलंय. ग्लास माळ्यावरून काढून बंद पिशवीसकट रवाना केला. मुलीने दोन दिवस कार्टून कुठे गेलं म्हणून रड काढली, आता साध्या ग्लासातून पितेय.